काचेपलीकडची पाठ

काच उघडली तेव्हा सोनमचे दोन्ही हात डोक्याच्या वर होते. कुर्ता गळ्यातून निघाला होता, पण एका बाहीचं बटण काढायचं राहून गेल्यामुळं मनगटापाशी अडकून बसला होता आणि ती तो हिसके देऊन सोडवत होती. समोरची काच रोजच्यासारखी पांढरी होती, दूध ओतून गोठवावं तशी. तिच्यातून पॅसेजमधला उजेड तेवढा आत यायचा, माणूस यायचा नाही. आणि एकाएकी ती काच नाहीशी झाली. फुटली नाही, सरकली नाही, आवाज म्हणून काही झाला नाही. मध्ये होतं ते उरलं नाही, एवढंच. चार हातांवर पॅसेज उघडा पडला. तिथला पाण्याचा कूलर, भिंतीवर टांगलेला आग विझवायचा लाल सिलिंडर, आणि अगदी समोर निळ्या शर्टातली एक पाठ. त्या पाठीच्या पलीकडं आणखी काही पांढरं हललं, पण ते काय होतं हे डोळ्यांनी धरायच्या आत काच पुन्हा दुधाळ झाली. हात वरच राहिले होते. ते आपले आहेत आणि खाली घ्यायला हवेत, हे तिला जरा वेळानं कळलं. मग ती भिंतीला टेकून उकिडवी बसली, कुर्ता छातीशी गोळा करून, आणि बाहेरचे आवाज ऐकू लागली. बुटांचे आवाज होते. कुणीतरी हसलं, किंवा खाकरलं. पुढं कुठंतरी दार लागलं. तिचे कान इतके तापले होते की हात लावला तर चटका बसेल असं वाटत होतं. ती मनाशी म्हणाली, काही झालेलं नाही. भास झाला. पण भासात कूलरच्या नळाखाली ठेवलेला स्टीलचा पेला दिसत नाही, आणि तो तिला दिसला होता.

ही काच तिची होती. म्हणजे मालकीची नव्हे. मालक अमरसिंह साहेब. वडिलांची फौंड्री थोरल्या भावाकडं सोपवून या धाकट्या साहेबांनी कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत हे नवं युनिट काढलं होतं, आणि त्यात बनणारी फिल्म सोनमनं बसवलेल्या मिश्रणाची होती. द्रवरूप स्फटिक पॉलिमरमध्ये घुसळायचे, दोन पारदर्शक प्लॅस्टिकच्या थरांमध्ये ते मिश्रण पसरायचं, अतिनील दिव्याखालून न्यायचं. पॉलिमर घट्ट होतो आणि त्याच्या पोटात स्फटिकाचे डोळ्यांना न दिसणारे थेंब अडकून राहतात. नवीन आलेल्या मुलींना ती हातवारे करून समजावायची. थेंबात काडीसारखे लांबुळके रेणू असतात. वीज नसली की ते वाटेल तिकडं तोंड करून बसतात, उजेड त्यांच्यात ठेचकाळतो, विखरतो, आणि फिल्म पांढरी दिसते. वीज दिली की सगळे एका दिशेला ताठ उभे राहतात, उजेड सरळ निघून जातो, काच स्वच्छ. "धाकलं साहेब शॉपवर आल्यावर आमी उभं ऱ्हातो तसं," असं संयोगिता एकदा म्हणाली होती, आणि त्या दिवसापासून सगळ्या मुलींना ते पाठ झालं होतं. फिल्म बनते त्या स्वच्छ खोलीत धुळीचा कण चालत नाही, म्हणून बायकांनी आत जाण्याआधी अंगावरचे कपडे काढून पांढरा सूट चढवायचा असे. त्यासाठी जी खोली काढली तिच्या पॅसेजकडच्या बाजूला भिंत बांधण्याऐवजी आपलीच काच लावावी, ही कल्पना साहेबांची; गिऱ्हाइकाला दाखवायला होईल म्हणून बटणसुद्धा बाहेर, पॅसेजमध्ये. बायका बिचकल्या होत्या. तेव्हा सोनमनंच त्यांची समजूत घातली होती. वीज जाऊ दे, वायर तुटू दे, काही बिघडू दे, ही काच बिघडली तर पांढरीच होणार. उघडायची तर कुणीतरी वीज द्यावी लागते. तेव्हा हे सांगताना तिला केवढा धीर वाटला होता.

ती पाठ कुणाची हे मात्र तिला पहिल्या क्षणालाच कळलं होतं. बाकी सगळं तिनं स्वतःपासून जरा वेळ लपवलं असेल, हे नाही. निळा शर्ट तर युनिटमधल्या सगळ्या पुरुषांचा. पण मानेखाली घामानं काळपटलेली कॉलर, उजवा खांदा जरासा खाली, केस कापल्यावर मानेवर राहणारी ती सरळ रेघ. वर्षभर ती त्या पाठीच्या मागं बसून कागलहून कोल्हापूरला येत होती. पृथ्वीराज उत्पादन बघायचा. तोही तिच्याच वयाचा, तिशी ओलांडलेला, कागलचाच, पण संध्याकाळी कोल्हापुरात काही ना काही काम काढायचा आणि "चला, सोडतो" म्हणायचा. युनिटमध्ये ते एकमेकांना अहोजाहो करायचे. मोटरसायकल गेटच्या बाहेर पडून हायवेला लागली की तो अगं म्हणायचा. वाऱ्यानं त्याचे शब्द अर्धेच तिच्यापर्यंत यायचे आणि ती उरलेले मनानं भरून घ्यायची. दोघांपैकी कुणी काही बोललं नव्हतं. गावी, नेसरीला, आई दर फोनला विचारायची, लग्नाला आता किती दिवस गं, आणि सोनम म्हणायची, बघू. त्या 'बघू'च्या पोटात ही पाठ होती. राजारामपुरीत तिची खोली दुसऱ्या गल्लीला होती, पण तो तिला कोपऱ्याच्या आधीच उतरवायचा. "हितंच उतर, पुढं मामाचं दुकान हाय." मामाला काय वाटेल, हे त्यानं कधी सांगितलं नाही आणि तिनं विचारलं नाही. नेसरीच्या बौद्धवाड्यातल्या यल्लाप्पाची मुलगी, तिला हे विचारायची गरज नव्हती. ती उतरायची आणि चालायची, आणि चालताना मोडून पडल्यासारखं काहीतरी आत हलायचं, पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुन्हा बसायची.

सूट चढवून ती आत आली. यंत्र चालू होतं, फिल्मची पट्टी रुळांवरून ओली येत होती आणि जांभळ्या उजेडाखालून पांढरी होऊन बाहेर पडत होती. संयोगितानं तिच्याकडं बघितलं. ही पंचविशीची, नवऱ्यानं टाकलेली, कागलजवळच्या वाडीतून रोज येणारी. हाताला सगळ्यांत चलाख. "म्याडम, काय झालं ओ? तोंड उतारलंय." सोनम म्हणाली, काही नाही, जरा पित्त झालंय. आणि जाडी मोजायचं यंत्र उचलून ती मोजत राहिली, पण आकडे दिसत होते आणि कळत नव्हते. ती एकच गोष्ट पुनःपुन्हा मनात उलटीपालटी करत होती. बिघडली तर पांढरी. वीज दिली तरच स्वच्छ. लोडशेडिंगचा झटका? पण बटण बंद असेल तर जनरेटर सुरू झाला काय आणि बंद पडला काय, तिथपर्यंत काही पोचत नाही. म्हणजे बोट. कुणाचं तरी बोट. आणि त्या वेळी त्या बटणापाशी कोण उभं होतं ते तिनं बघितलं होतं. मन तिथं जाऊन पोचायचं आणि वाटेत साप दिसल्यासारखं मागं यायचं.

मग तिला उष्णता आठवली. या फिल्मचा एक दोष होता, तिलाच माहीत असलेला. तापवली तर स्फटिकाचं साधं पाणी होऊन जातं, आणि ती विजेशिवायही स्वच्छ होते. तिच्या मिश्रणात हे सत्तर अंशांच्या आसपास व्हायचं. पण समजा त्या काचेतली फिल्म सुरुवातीच्या रोलची असली, मिश्रणात काही चुकलेलं असलं, आणि कमी उष्णतेलाच होत असलं तर? पॅसेजच्या खिडकीतून ऊन पडलं असलं तर? कार्तिकातलं कोवळं ऊन होतं, पण तिनं तो धागा घट्ट धरला. कपाटातून त्या रोलचा जपून ठेवलेला तुकडा काढला, लॅबमध्ये गेली, दार लावलं, आणि तुकडा तापपट्टीवर ठेवून थर्मामीटर लावला. अशीच ती विद्यापीठात बसायची, नव्वदच्या दशकाच्या शेवटी, फिजिक्सच्या इमारतीतल्या अंधाऱ्या खोलीत. सूक्ष्मदर्शकाखाली उजेड गाळणाऱ्या दोन काचा, एक आडवी एक उभी, लावल्या की प्रत्येक थेंबात एक काळी फुली दिसायची. थेंबांची नक्षत्रं आणि प्रत्येकाच्या पोटात फुली. पहिल्यांदा दिसली तेव्हा तिनं ओरडून सरांना बोलावलं होतं आणि ते म्हणाले होते, "हे नेहमीचंच आहे, पण तुझं पहिलं आहे, बघून घे." तेव्हा वाटायचं, जगातली एक तरी गोष्ट आपल्याला खरं सांगते. विचारलं तर सांगते, आणि आपण कोण, कुठल्या वाड्यातले, हे न बघता सांगते. शिष्यवृत्ती संपली, संशोधन अर्धवट राहिलं, पण तो विश्वास राहिला होता. आता ती त्याच गोष्टीला विनवत होती, एकदा खोटं बोल. चाळीस. पन्नास. तुकडा पांढराशुभ्र. तिनं बोट टेकवून बघितलं आणि झटकन काढलं. साठ. पासष्टच्या पुढं कडेकडेनं तो विरघळल्यासारखा झाला आणि सत्तर गाठायच्या आत खालच्या पट्टीवरचा प्रत्येक ओरखडा त्याच्यातून स्वच्छ दिसू लागला. मिश्रण बिनचूक होतं. तिनं बटण बंद केलं आणि तुकडा थंड होऊन पुन्हा पांढरा होईपर्यंत बघत बसली.

जेवणाच्या सुट्टीत पृथ्वीराज कँटीनच्या बाहेर हात धूत होता. ती शेजारच्या नळावर गेली. तिनं ठरवलं होतं की सरळ विचारायचं, पण तोंडातून निघालं ते वेगळंच. "सकाळी तुम्ही पॅसेजमध्ये होता का?" त्याचे हात थांबले नाहीत. तो बोटांच्या बेचक्यांतून साबण काढत राहिला. "कधी?" "शिफ्ट सुरू झाल्यावर. मला उशीर झाला होता." "न्हाय ओ. मी पॅकिंगला होतो. का?" त्यानं नळ बंद केला, खिशातून रुमाल काढला, आणि हात पुसून रुमालाची घडी घातली, घडीवर घडी. "काही नाही," ती म्हणाली. तो हसला. ते हसणं तिच्या ओळखीचं नव्हतं. डबा घेऊन ती बाकावर बसली. भाकरीचा तुकडा मोडला आणि तो हातातच राहिला. बटणाबद्दल तिनं त्याला विचारलंच नव्हतं. तो पॅसेजमध्ये होता की नाही एवढंच विचारलं होतं. ज्याला काही ठाऊक नाही तो म्हणतो, व्हय, होतो की, का? खोटं बोलायला आधी काहीतरी ठाऊक असावं लागतं.

चहाची किटली घेऊन बनाबाई आली. युनिटची झाडलोट आणि चहापाणी तिच्याकडं. ती स्वतःशीच कुरकुरत होती. "सकाळच्या पारी कप फोडला बगा पावण्यांनी, आन् बोलणी मला." "कुठले पाहुणे?" "पुण्याचं की. हाटेलवालं. दोघं हुतं. साहेब त्यास्नी काच दावत हुतं न्हवं, तुमच्या खोलीची. म्या च्या घिऊन तितं जाईस्तवर तिघंबी केबिनात शिरलं." "तिघं?" "साहेब आन् त्ये दोघं. पृथ्वीराज साहेब हुतं, त्ये निघून गेलं शॉपवर. तोंड असं केलतं जणू कुणी मारलंय." बनाबाईनं कप तिच्यापुढं सारला. पलीकडं जे पांढरं हललं होतं त्याला आता आकार आला. शर्ट. दोन शर्ट, कदाचित तीन, आणि शर्टांच्या वर तोंडं असणार. सोनमनं दोन्ही हातांनी कप धरला. तिला वाटलं, आपण इथं बसलोय आणि आपल्यातला एक भाग अजून त्या खोलीत हात वर करून उभा आहे, कुर्ता मनगटात अडकलेला, आणि त्याला खाली घ्यायला कुणी जात नाही.

ती पृथ्वीराजच्या टेबलापाशी गेली तेव्हा तो पेट्यांवर खुणा करत होता. आजूबाजूला कुणी नव्हतं, यंत्राची घरघर तेवढी होती. "पृथ्वीराज," ती म्हणाली, युनिटमध्ये पहिल्यांदाच नुसतं नाव, "साहेबांनी बटण दाबलं तेव्हा मी आत होते. तुला ठाऊक होतं?" तो बघत राहिला. मग खाली बघितलं. "तुझ्या चपला बाहेर हुत्या," तो म्हणाला. एवढंच म्हणाला, आणि मग बांध फुटल्यासारखा बोलत सुटला. "केबिनच्या काचेत बुडबुडा आलाय, म्हणून साहेबांनी त्यास्नी हिकडं आणलं. त्यांना वाटलं शिफ्ट चालू झाली, आत कोण असणार. मी म्हणणार हुतो. खरंच सांगतो, तोंडात शब्द हुता. पण पावणं समोर, साहेब बोलत हुतं, मधीच कसं तोडायचं? आन् दाबलंच की त्यांनी. अगं, एक सेकंद. एक सेकंदसुदिक न्हाय." "आणि तू?" तेव्हा त्यानं मान वर केली, आणि त्याच्या डोळ्यांत तिला एक विलक्षण गोष्ट दिसली. तो शाबासकीची वाट बघत होता. "मी पाठ फिरवली की," तो म्हणाला. "बटणाकडं त्यांचा हात गेला तवाच फिरवली. आईशप्पथ, मी काय बघितलं न्हाय, सोनम."

ती वळली. परत आपल्या जागेवर येईपर्यंतच्या त्या चारदोन पावलांत तिच्या डोळ्यांपुढं नेसरीची न्हाणी उभी राहिली. घरामागं चार वासे रोवून त्यांना पोतं गुंडाळलेलं, एका बाजूला दार म्हणून जुनं लुगडं. मागून बांधावरून वाट जायची आणि वाटेनं गडी जायचे, वरच्या आळीचे, खाकरत, कधी मुद्दाम रेंगाळत. आई आंघोळीला बसली की सोनमनं बाहेर उभं राहायचं. आईकडं पाठ आणि वाटेकडं तोंड. सहासात वर्षांची असेल. थंडीनं पाय आखडायचे, आतून तांब्यातलं पाणी अंगावर पडल्याचा आवाज यायचा, आणि कुणी वाटेवर दिसलं की ती छाती फुटेस्तोवर ओरडायची, "आई आंगुळ करतीया! तिकडनं जावा!" एकदा एक धिप्पाड माणूस थांबला आणि हसून म्हणाला, व्हय गं वाघिणी. ती घाबरली होती, तरी ओरडत राहिली होती, तो वळणावर दिसेनासा होईपर्यंत. तीही पाठच करून उभी राहायची. पाठ तीच. पण तोंड कुणीकडं आणि तोंडात काय, एवढाच फरक, आणि तो एवढाच फरक आज तिच्या छातीवर धोंड्यासारखा बसला. पृथ्वीराज तिच्याकडं पाठ करून उभा होता, म्हणजे त्या तिघांकडं त्याचं तोंड होतं. त्यांचे डोळे मोठे झालेले त्यानं बघितले असणार. काच त्यानं बघितली नाही. पण तिच्याकडं बघणारी तोंडं बघितली, आणि तेव्हाही त्याच्या तोंडून आवाज निघाला नाही.

अमरसिंह साहेब फोनवर होते. त्यांनी खुणेनं बसायला सांगितलं. ती बसली नाही. फोन ठेवून त्यांनी तिच्याकडं बघितलं आणि लगेच टेबलावरच्या पेपरवेटकडं. तेव्हाच तिला कळलं की आता काही सिद्ध करायची गरज नाही. माणूस वाईट नव्हता. तिच्या वडिलांच्या ऑपरेशनच्या वेळी स्वतःची गाडी पाठवली होती त्यांनी. "सोनम, ते सकाळचं," ते म्हणाले, "मला कल्पना नव्हती. आत कुणी असेल असं वाटलंच नाही." "चपला बाहेर होत्या, साहेब." "चपलांकडं कुठं लक्ष जातं हो? मला फार वाईट वाटतंय. पाहुण्यांनीसुद्धा लगेच नजर वळवली." तिनं विचारलं, "आधी कितीदा दाबलं असेल?" ते पेपरवेट फिरवू लागले. ती पुढं म्हणाली, "म्हणजे मी येते त्या वेळी नाही. मुली येतात त्या वेळी. पाहुणे तर नेहमीच येतात." "नाही, म्हणजे आपण बघून दाबतो," ते म्हणाले, आणि आवाज वाक्याच्या मध्येच बारीक झाला. मग ते सावरले. बटण आत घेऊ, आठवड्यात घेऊ. फक्त एक विनंती. पुण्याची ऑर्डर सोमवारी पक्की होतेय. चार हॉटेलं. तोवर मुलींच्या कानावर जाऊ नये. "बायका घाबरतील, घरची मंडळी त्यांना पाठवायची नाहीत, गावात वाटेल ते बोलतील. तुमचंही नाव निघेल त्यात, मला त्याचीच काळजी आहे. शेवटी फिल्म तुमची आहे, सोनम. तुम्हीच मोठी केलीत ती." ती म्हणाली, "हो, माझी आहे," आणि बाहेर आली. त्यांना ते कबूल केल्यासारखं वाटलं असावं.

दुपारभर ती काम करत राहिली. सांगायचं म्हणजे काय सांगायचं? काच उघडली, असं म्हणता येईल. पण त्या विचारणार, कवा? कोण हुतं आत? आणि मग 'मी' म्हणावं लागणार. तो एक शब्द कागलमधून निघून वाडीवाडीत जाईल, कुणी तिखटमीठ लावील, एखाद्या लग्नात गडहिंग्लजच्या कुणाच्या तरी तोंडून नेसरीला पोचेल, आणि यल्लाप्पा, एसटीच्या वर्कशॉपात जन्मभर ग्रीस लागलेल्या हातांनी लेकीची पुस्तकं धरायला भिणारे तिचे वडील, ते कुणाला काही म्हणणार नाहीत, नुसते उठून आत जातील. गप्प राहणं किती सोपं होतं. बटण आत येईल, काच पांढरी राहील, कुणाला काही कळणार नाही. ती स्वतःसुद्धा हळूहळू विसरेल. पण संयोगिता ओल्या फिल्मवर वाकून, जिभेचं टोक दातात धरून बुडबुडे शोधत होती, आणि सोनमच्या मनात येत होतं, हिच्यावर किती वेळा उघडली असेल? हिच्या अंगावरून पोलकं निघत असताना, हिला काही न कळता? आणि ही त्या खोलीत उभी राहते ती माझ्या शब्दावर.

शिफ्ट सुटली. बायका कपडे बदलायच्या खोलीत शिरल्या, नेहमीसारख्या हसत, एकमेकींना ढकलत. सोनम त्यांच्या मागून आत गेली आणि दार लावून घेतलं. "कुणी कपडे काढू नका," ती म्हणाली. आवाज अनोळखी निघाला. सगळ्या थांबल्या. "ही काच आज सकाळी उघडली होती. आपोआप नाही. साहेबांनी पाहुण्यांना दाखवायला बटण दाबलं. याआधीही दाबलं असेल, आपण आत असताना, मला माहीत नाही. मी तुम्हाला म्हणाले होते विश्वास ठेवा. काचेवर ठेवायला हरकत नव्हती. बटणावर कुणाचं बोट असणार हे मी बघितलं नाही." चिमणाबाई, सगळ्यांत वयस्क, तिनं पदर खांद्यावरून ओढून घट्ट लपेटला, जणू आत्ताच उघडली. मग संयोगितानं विचारलं, हळू, "सकाळी आत कोण हुतं, म्याडम?" "मी होते." "अंगावर कापड हुतं?" "अर्धं." "आन् त्यांनी बगितलं?" "व्हय," ती म्हणाली. "बघितलं." शब्द बाहेर पडला आणि त्याच्यामागं काहीच कोसळलं नाही. बायका तिच्याकडं बघत होत्या. पण हे बघणं सकाळच्यासारखं नव्हतं, यात तिला हात खाली घेता येत होते. संयोगिता पुढं आली. तिनं काही सांत्वन केलं नाही. सोनमच्या सुटाची चेन अर्धवट उघडी राहिली होती, ती तिनं वरपर्यंत ओढून लावली.

मग सोनमनं लॅबमधून वायर कापायची कात्री आणली. काचेच्या खालच्या कडेला, फिल्मच्या दोन्ही थरांना चिकटवलेल्या तांब्याच्या पट्ट्यांपासून दोन तारा निघून भिंतीत जात होत्या. तिनं गुडघे टेकले, आधी एक कापली, मग दुसरी, आणि पट्ट्याही मुळापासून खरवडून काढल्या. यात दुरुस्ती नव्हती. आता या काचेला कुणीही कसलीही वीज दिली तरी ती तिच्यापर्यंत पोचणार नव्हती. चिमणाबाई दार उघडून बाहेर गेली, पॅसेजमधलं बटण तिनं खटाखट दाबून बघितलं, आणि बाहेरून ओरडली, "काय दिसंना गं! कोण हायसा आत?" आतल्या एकदोघी हसल्या, आणि एक रडायला लागली, आणि ती का रडतेय हे कुणी विचारलं नाही. कपडे बदलून, आपापल्या पिशव्या घेऊन त्या एकदमच बाहेर पडल्या. साहेबांची केबिन वाटेत होती. दार उघडं होतं, आणि त्या थांबल्या नाहीत, पण चिमणाबाईनं जाता जाता आत तोंड घालून मोठ्यानं सांगितलं, "धाकलं साहेब, तितं इटांची भिंत घालायची. न्हायतर आमी काय यायचो न्हाय बगा."

गेटच्या बाहेर पृथ्वीराज मोटरसायकलवर बसून होता. इंजिन बंद. ती येताना दिसली तसा तो उतरला. "साहेब लई चिडल्यात," तो म्हणाला. "काचेचं नुकसान केलं म्हणत्यात. पण तुला काढायचं म्हणत न्हाईत. काढता येत न्हाय, त्यास्नी ठावं हाय. गवंड्याला सांगितलंय मी, सकाळी यील." ती थांबली होती. तिला वाटलं होतं की या क्षणी राग येईल, किंवा रडू. पण तिला फक्त त्याचं तोंड दिसत होतं, वर्षभर जे तिला फारसं दिसलंच नव्हतं. थकलेलं, ओशाळलेलं, जरा देखणं. "बस की," तो म्हणाला, "सोडतो. आज दारापातूर सोडतो." तो हे बोलला आणि काय बोललो ते त्याला लगेच कळलं, कारण तो लाल झाला. सोनम शांतपणे म्हणाली, "पृथ्वीराज, काच उघडली की दोन्हीकडनं उघडती. त्यांनी माझं किती बघितलं मला ठावं न्हाय. मी तुला बघितलं." त्याचे ओठ हलले. काहीतरी म्हणणार होता तो, शब्द तोंडात होता. तिनं जरा वेळ वाट बघितली. मग ती रस्ता ओलांडून गेली.

कोल्हापूरला जाताना वाटेतल्या वाड्यांवर माणसं उतरवणारी वडापची जीप तिकडं उभी होती, मागच्या फळ्यांवर बायका दाटीवाटीनं बसलेल्या. सोनमला बघून त्या सरकल्या. चिमणाबाईनं पिशवी मांडीवर घेतली. सोनम संयोगिताच्या शेजारी, अर्धी फळीवर अर्धी हवेत अशी बसली. जीपनं हिसका दिला आणि सगळ्या एकमेकींवर आदळल्या. हायवे लागला, तसा वारा आत शिरला आणि पदर, ओढण्या एकमेकींच्या तोंडावर उडू लागल्या. "म्याडम," संयोगिता तिच्या कानाशी येऊन म्हणाली, "उद्या येनार न्हवं तुमी?"

"येणार की," सोनम म्हणाली. आपला आवाज वाऱ्यात गेला असेल असं वाटून तिनं तो आणखी चढवला, इतका की पुढं बसलेल्या ड्रायव्हरनं मान वळवून बघितलं. "मी का न्हाय येणार? फिल्म माझी हाय."